जुन्या मॉसरला नवी नळी: ७×५७ घेऊ की ७ एमएम-०८?

धंतोलीचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. मी राहतो विस्कॉन्सिनला. सध्या तीन आठवडे नागपूरला धंतोलीत आईबाबांकडे आलोय. मृग लागला तरी कूलरपुढून उठवत नाही, म्हणून बसल्या बसल्या विचारतोय. परत गेलो की गनस्मिथला उत्तर द्यायचंय.

रायफल बेल्जियमच्या एफएन कंपनीची, मॉसर ९८ अ‍ॅक्शन (नळीमागचा, काडतूस आत ढकलून बंद करणारा भाग), .३०-०६ काडतुसाची. तिकडच्या शेजारच्या आजोबांकडून घेतली. त्यांनी वर्षानुवर्षं जुनी लष्करी काडतुसं वाजवली आणि नळी कधी पाण्यानं धुतली नाही. त्या काळच्या टोपीत, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की नळीत क्षार राहतो, तो हवेतली ओल ओढतो आणि मग गंज. गनस्मिथनं बोरस्कोप (नळीत घालायचा बारीक कॅमेरा) घालून दाखवलं तर आत पावसाळा संपल्यावरचा रिंग रोड! आधी शंभर यार्डांवर सव्वा इंचात तीन गोळ्या बसायच्या, आता चार इंचांत बसल्या तरी नशीब.

नळी बदलायचीच आहे तर .३०-०६ च परत कशाला, असा विचार आहे. दोन कारणं. माझ्या उजव्या खांद्याचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालं. आणि मुलगी चौदाची झाली, येत्या नोव्हेंबरात तिचा पहिला हंगाम. तिला पहिल्याच दिवशी धक्क्याची भीती बसली तर ती पुढे कायम डोळे मिटून घोडा दाबेल. सध्या दस्ताही (खांद्याला टेकवायचा लाकडी भाग) तिला लांब पडतो.

आमच्याकडे दाट झाडी. हरणं दीडशे यार्डांच्या आतच दिसतात, व्हाइटटेल जातीची. म्हणजे लांब पल्ल्याचं काही नको. काडतुसं मी घरीच भरतो, प्रेस आणि तराजू आहे.

मनातून ७×५७ काडतुसाकडे ओढा आहे. खरं कारण सांगतो, हसू नका. आजोबांकडे .२७५ रिग्बी होती, म्हणजे ७×५७ च. १९७२ चा कायदा आला, शिकार बंद झाली, रायफल त्यांनी विकली. परवा बाबांनी कपाटातून त्यांचं परवान्याचं पुस्तक काढलं. पानं पिवळी, पण बोअरच्या रकान्यात शाईनं ‘२७५’ ठळक दिसतं. तेव्हापासून डोक्यात तेच. पण गनस्मिथ म्हणतो ७ एमएम-०८ घे, शहाणा हो. काय करू?

पेन्सिलव्हेनियाकर

भाऊ, तुमचा गनस्मिथ बरोबर आहे. मीही घरीच भरतो, बारा वर्षं झाली.

७ एमएम-०८ म्हणजे .३०८ काडतुसाचीच पुंगळी (पितळी कवच), मान आवळून ७ मिलिमीटरवर आणलेली. रेमिंग्टननं १९८० मध्ये बाजारात आणली. .३०८ च्या पुंगळ्या रेंजवर मिळतील तितक्या उचला, डायमध्ये (आकार देणाऱ्या साच्यात) घाला, मान छोटी करा, लांबी तपासून जास्त असेल तर छाटा. ७×५७ च्या पुंगळ्या शोधत बसावं लागतं. आणि हंगामाच्या आदल्या रात्री डबा घरी विसरलात तर? गावच्या दुकानात ७ एमएम-०८ मिळण्याची शक्यता आहे. ७×५७ मागितलीत तर दुकानदार आधी तुमच्याकडे बघेल, मग म्हणेल ऑर्डर करावी लागेल.

गोळी दोन्हीत तीच, .२८४ इंची. १४० ग्रेनची (साधारण नऊ ग्रॅमची) गोळी दीडशे यार्डांवर दोन्हीतून सारखंच काम करते, हरणाला फरक कळत नाही. शिकारी जिम कॉर्बेटची रायफल म्हणून ७×५७ घेणारे मी पाहिलेत. चंपावतच्या वाघिणीनंतर ती त्याला बक्षीस मिळाली, ठीक आहे. पण कॉर्बेटला वॉलमार्टात काडतूस शोधायला जायचं नव्हतं.

धंतोलीचा_पाहुणा

वॉलमार्टवाला मुद्दा मान्य. पण एक विचारतो. माझी मॅगझिन पेटी .३०-०६ च्या मापाची, ८५ मिलिमीटरच्या आसपास. ७ एमएम-०८ चं काडतूस ७१ मिमीचं. मग ते पेटीत चौदा मिमी पुढे-मागे हलत नाही का बसणार? प्रत्येक बाराला गोळीचं टोक पेटीच्या पुढच्या भिंतीवर आपटणार. शिवाय खालून वर चढताना अडकण्याची भीती. मॉसर ९८ मुळात ५७ मिमीच्या पुंगळीसाठी जन्माला आली. ७×५७ चं काडतूस ७८ मिमीपर्यंत, पेटीत बऱ्यापैकी बसतं, आणि गोळी थोडी बाहेर ठेवायलाही जागा राहते.

बोल्टचा चेहरा मात्र दोन्हीला चालतो. ७×५७, ७ एमएम-०८, .३०८, .३०-०६, सगळ्यांची बूड एकाच मापाची. त्यामुळे बोल्टला हात लावायचा नाही, फक्त नळी आणि हेडस्पेस, म्हणजे बोल्टपासून काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर.

वरणगाव_निवृत्त

मी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ३१ वर्षं काढली, आता मानेवाड्यात नातवंडांना शाळेत सोडतो. शिकारीचं मला काही कळत नाही. काडतुसाचं थोडं कळतं, म्हणून लिहितो.

पाहुणे, तुमचा पेटीचा मुद्दा योग्य आहे. पेटीत आतून ठोकळा बसवून ती आखूड करता येते, पण मग ते जुगाडच. नीट चढणारं काडतूस असताना जुगाड काहून करायचं?

आता दाबाचं. अमेरिकन मानकात ७×५७ चा कमाल दाब ५१,००० पीएसआय (चौरस इंचावर इतके पौंड) धरलाय आणि ७ एमएम-०८ चा ६१,०००. हा फरक पुंगळीमुळे नाही. १८९३ आणि १८९५ च्या जुन्या, कमजोर मॉसर अजून लोकांच्या घरात आहेत, त्यांच्या भीतीनं ७×५७ चं माप मवाळ ठेवलंय. तुमची ९८ अ‍ॅक्शन मजबूत आहे. पण म्हणून मॅन्युअलच्या वरच्या रेघेपलीकडे जाऊ नका. दीडशे यार्डांच्या हरणाला आणि चौदा वर्षांच्या मुलीला त्याची गरजच नाही. मवाळ दाब तुमच्या फायद्याचा आहे. त्यात धक्काही .३०-०६ पेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, तुमचा खांदा दुवा देईल.

पुंगळीत भरायच्या दारूचं (बारुदीचं) वजन इथे कुणाला विचारू नका आणि कुणी सांगितलं तर वापरू नका. तुमची नवी नळी, तिचं चेंबर (काडतूस बसतं ती जागा), तुमची पुंगळी, तुमची टोपी, यांतली एक गोष्ट बदलली की आकडा बदलतो. छापील मॅन्युअल घ्या, त्यातल्या कमाल मापाच्या दहा टक्के खाली सुरुवात करा, अर्धा अर्धा ग्रेन वाढवा. टोपी चपटी पडायला लागली किंवा बोल्ट उचलायला जोर लागला की थांबा, खाली या. त्या दिवशी अचूकता नाही मिळाली तर नाही मिळाली.

आणखी एक, हे कुणी लक्षात घेत नाही. आमच्याकडे काडतुसं गरम करून, थंड करून, दोन्हीकडे दाब मोजायचे. दारू गरम असली की जोरात जळते. तुम्ही जुलैच्या उन्हात लोड (दारू-गोळीचं माप) ठरवणार आणि नोव्हेंबरात शून्याखाली वापरणार. म्हणजे उलटा खेळ, वेग थोडा कमी होईल आणि गोळी खाली बसेल. तापमानाचा परिणाम कमी होणारी दारू निवडा, हॉजडनच्या एक्स्ट्रीम मालिकेत व्हारगेट आणि एच४३५० आहेत. तरीही हंगामाआधी थंड सकाळी एकदा नेम तपासा. आणि उन्हाळ्यात काडतुसांचा डबा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. नागपूरच्या माणसाला हे सांगावं लागू नये, इथे मे महिन्यात स्टिअरिंगही हाती धरवत नाही.

काटोल_रोड

राजे हो, मधात घुसतो. माझ्याकडे आजोबांची .३१५ रायफल आहे, परवाना माझ्या नावावर झालाय. वावरात रानडुकरांनी हरभरा नांगरून टाकला. काडतुसं महाग झालीत, हे घरी भरायचं काम मला जमेल का? टोपी आणि दारू कुठे भेटते?

वरणगाव_निवृत्त

काटोल, नाही. हा धागा अमेरिकेतल्या माणसाचा आहे. आपल्याकडे दारूगोळा बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ चा वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याच्या परवान्यात ते येत नाही. दारूचे नियम आणखी वेगळे. त्या स्फोटक खात्याचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे, सेमिनरी हिल्सच्या बाजूला. म्हणजे हे करायचं ठरवलंत तर पकडले जायला लांब जावं लागणार नाही.

डुकरांसाठी वनविभागाकडे अर्ज करा. पंचनामा करून नुकसानभरपाई मागा, पिकाचे फोटो काढून ठेवा. बार टाकायचा असेल तर आधी त्यांचा लेखी परवाना, मगच. आणि .३१५ ला उगाच नावं ठेवू नका. .३०३ सामान्य माणसाला बंद होती म्हणून ली-एनफिल्डच्या अ‍ॅक्शनवर आठ मिमीची नळी बसवून ती काढली. आपल्याकडचीच नळी बदललेली रायफल म्हणा ना.

पेन्सिलव्हेनियाकर

काका, दाबाचं छान समजावलंत. पेटीचं मी विसरलोच होतो, माझी अ‍ॅक्शन आखूड आहे. पाहुणे, मग घ्या ७×५७. पण दोन गोष्टी. एक, पुंगळ्या एकदमच दोनशे घेऊन ठेवा, एकाच लॉटच्या. दोन, जुन्या ७×५७ चं चेंबर १७३ ग्रेनच्या लांब लष्करी गोळीसाठी कापलेलं असायचं, थ्रोट (चेंबर आणि नळीतल्या खाचांमधला भाग) लांब. त्यात १४० ग्रेनची गोळी बरंच अंतर उडी मारून खाचांत शिरते. गनस्मिथला सांगा, थ्रोट तुमच्या गोळीच्या मापानं काप. खाचांचा पीळ नऊ इंचात एक फेरा ठेवा, १४० आणि १६० दोन्ही स्थिर राहतील.

आणि मुलीला आधीच सांगा, जंगलात भगवं जॅकेट लागतं. नागपूरच्या लेकीला संत्र्याचा रंग जड जाऊ नये.

धंतोलीचा_पाहुणा

विस्कॉन्सिनमध्ये २०१६ पासून गुलाबीही चालतो. तिनं आधीच तो निवडलाय, आणि माझं काही चालत नाही.

ठरलं मग. ७×५७, २२ इंची नळी, पीळ एकास नऊ. लोड हलकाच, १४० ग्रेन. वरणगाव काका, तुमचं म्हणणं बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले आजोबाही काडतुसांचा डबा माठाशेजारी ठेवायचे. का ठेवायचे ते तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

एक मूर्खपणा कबूल करतो. बाबांना दाखवायला म्हणून येताना .३०-०६ ची एक रिकामी पुंगळी खिशात घातली होती. बायकोनं विमानतळावर जायच्या आधी काढून घेतली. नाहीतर आज हे नागपूर विमानतळाच्या पोलीस चौकीतून लिहीत असतो. कुणी असलं काही करू नका, रिकामी असली तरी.

गनस्मिथचा कालच निरोप आला. थ्रोट कापण्याआधी त्याला दोन नकली काडतुसं हवीत, दारू नाही, टोपी नाही, फक्त पुंगळीत १४० ग्रेनची गोळी मला हवी तितकी बसवलेली. म्हणजे परत गेल्यावर आधी पुंगळ्या, मग डाय. आणि मुलीच्या कोपरापासून बोटापर्यंतचं मापही मागितलंय, दस्ता किती कापायचा ते बघायला. रात्री फोनवर बायकोला टेप घेऊन बसायला सांगतो.