ऊस उताऱ्याचं बहुस्तरीय बेझियन मॉडेल: कोणतं सॉफ्टवेअर?

शिरोळकर: बहुस्तरीय (गटात गट असलेलं) बेझियन (आधीचा अंदाज आणि आकडे जोडणारं) मॉडेल करायचंय. कोल्हापूर जिल्ह्यातले १२ तालुके, त्यात गावं, गावात शेतं. एकरी टन उतारा, विंडोज लॅपटॉप, रॅम ८ जीबी. आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रामिंग भाषा येते, पायथन जेमतेम. काय घेऊ?

पंचगंगाकाठ: बीआरएमएस (brms, आरमधलं अशा मॉडेलांचं पॅकेज) घ्या. सूत्र: उतारा ~ पाऊस + (१ | तालुका/गाव), म्हणजे प्रत्येक तालुक्याला आणि त्यातल्या गावाला आपापली पातळी. आधी आरटूल्स (विंडोजवर कंपाइल करायची साधनं) टाका, नाहीतर स्टॅनचं (बीआरएमएसमागे आकडेमोड करणारं सॉफ्टवेअर) मॉडेल कंपाइलच होणार नाही. तेवढीही कटकट नको असेल तर आरस्टॅनआर्म (rstanarm) हे दुसरं पॅकेज. त्यातली मॉडेलं आधीच कंपाइल केलेली असतात, पण प्रकार मोजकेच.

शिरोळकर: बीआरएमएस चाललं, पण डायव्हर्जंट ट्रान्झिशनचा (सॅम्पलिंग काही भागात भरकटल्याचा) इशारा येतोय. इटरेशन (सॅम्पलिंगच्या फेऱ्या) वाढवू?

पंचगंगाकाठ: त्यानं काही होत नाही भावा. अडॅप्ट डेल्टा (सॅम्पलिंगची पावलं लहान करणारी सेटिंग) ०.८ वरून ०.९५, मग ०.९९ करा, वेळ वाढेल. तरीही इशारा राहिला तर तालुक्यांमधल्या प्रमाण विचलनाचा प्रायर (आकडे बघण्याआधीचा अंदाज) आवळा. गट फक्त १२, त्यामुळे तिथं प्रायरचं वजन पडतंच. आरहॅट (वेगवेगळ्या साखळ्यांची उत्तरं जुळतात का ते सांगणारा आकडा) १.०१ च्या खाली हवा.

घाटमाथा: अतिपावसाच्या गगनबावडा तालुक्यात शेतं कमी असतील तर त्याचा अंदाज सरासरीकडे ओढला जाणार. तो दोष नव्हे, पण पाऊस सूत्रात हवाच. शेतं लाखांत गेली तर आयएनएलए (INLA, आरमधलंच अंदाजे गणिताचं पॅकेज) बघा. ते सॅम्पलिंग करत नाही, म्हणून झटपट.