दुसरीतली लेक प्रत्येक गोष्ट "बरोबर आहे का" विचारूनच करते, काय करावं?

गंगावेशची_आई
नमस्कार मंडळी. माझी मुलगी दुसरीत आहे, मराठी माध्यम. आधी दिवसभर हे असं का ते तसं का चालू असायचं. आता काहीही करायचं म्हटलं की आधी माझ्याकडं येते, आई हे बरोबर आहे का. छत्रीला रंग कुठला देऊ तेसुद्धा विचारणार, भाजी आवडली का म्हटलं तर आधी माझ्या तोंडाकडं बघणार. शाळेत "माझा आवडता प्राणी" निबंध होता, फळ्यावर गाईच्या दहा ओळी लिहून दिलेल्या, सगळ्यांनी त्याच उतरवायच्या. हिनं म्हैस लिहिली, कारण संध्याकाळी आजोबांबरोबर दूध कट्ट्यावर जाते आणि तिथं म्हशी समोर उभ्या असतात, धार काढून लगेच ग्लास हातात देतात ते सगळं बघते. "म्हशीच्या नाकातून गरम वारा येतो" हे वाक्य तिचं स्वतःचं. त्यावर लाल रेघ आणि "फळ्यावरचे उतरव" असा शेरा आला, आणि तेव्हापासनंच हे जास्त झालंय. बाईंवर राग नाही माझा, वर्गात पोरं भरपूर आहेत, पण माझी पोरगी अशी गप्प झालेली बघवत नाही. सासूबाई म्हणतात लहान आहे, सांगितलेलं ऐकायला शिकू दे, विचार करायला आयुष्य पडलंय. मला ते पटत नाही. घरात काय करता येईल सांगा.

झेडपी_गुरुजी
ताई, ते म्हशीचं वाक्य आधी जपून ठेवा, स्वतः जवळ जाऊन बघितल्याशिवाय असलं वाक्य सुचत नाही. मी करवीर तालुक्यात प्राथमिकला शिकवतो, माझ्या अनुभवानं सांगतो, पोरांना विचार करता येत नाही असं नसतं, आपण थांबतच नाही. मेरी बड रो नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासक बाईंनी १९७० च्या आसपास वर्गातली बोलणी टेप करून तपासली, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला उठवतात नाहीतर स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतात. तेच तीन सेकंद थांबलं तर पोरांची उत्तरं मोठी होतात, एरवी न बोलणारी पोरं बोलायला लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही वाटतं, पण वर्गात ते लई लांब वाटतात, करून बघा. घरात पण तेच. ती "बरोबर आहे का" म्हणाली की हो-नाही काही सांगू नका, "तुला काय वाटतंय, कशावरून?" एवढं विचारा आणि गप्प बसा. आणि "कशावरून" हे उत्तर बरोबर असतानाही विचारायचं, नाहीतर पोरं हुशार असतात, कशावरून म्हटलं की आपलं चुकलं एवढंच ओळखतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येसुद्धा मुलांना भीतीपासून मोकळं ठेवणं आणि आपलं म्हणणं मोकळेपणानं मांडायला मदत करणं हे लिहिलेलं आहे, तेव्हा तुम्ही काय जगावेगळं मागत नाही.

राजारामपुरीचा_बाबा
सासूबाईंचं अगदीच चूक म्हणणार नाही मी. रस्ता ओलांडताना हात धरायचाच, शाळेला जायचंच, पाढे पाठ करायचेच, तिथं मत विचारत बसायचं नाही. पण जिथं खरंच तिला ठरवता येतं तिथं पूर्ण तिच्यावर सोडा, अर्धं सोडू नका. आम्ही कपिलतीर्थ मंडईत पोराच्या हातात पन्नास रुपये देतो, आजच्या भाजीचं तू बघ म्हणून. एकदा सगळ्याची काकडीच घेतली त्यानं. आम्ही ती खाल्ली, रात्री भाकरीबरोबर कोशिंबीर, बदलायला परत गेलो नाही. पुढच्या वेळी स्वतःच म्हणाला की आमटीत घालायला पण काहीतरी पाहिजे. आपण मागनं जाऊन दुरुस्त केलं असतं तर त्याला एवढंच कळलं असतं की शेवटी बाबाच ठरवणार.

बालवाडी_ताई
गुरुजींशी सहमत. लहान भावंड असेल तर एक गंमत घरात करा. दोन सारख्या ग्लासात सारखं ताक घ्या, मग एकातलं उंच बारीक ग्लासात ओता आणि कुठं जास्त आहे विचारा. चार-पाच वर्षांचं पोर बहुतेक वेळा उंच ग्लासात जास्त म्हणतं, साधारण सातच्या आसपास सारखंच आहे हे पटायला लागतं. पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा हा गाजलेला प्रयोग. यात "वेडं का काय, सारखंच आहे" असं म्हणायचं नाही, परत पहिल्या ग्लासात ओतायला त्या पोरालाच सांगायचं आणि ते काय बोलतं ते ऐकायचं. उत्तर चुकलं तरी त्यामागं पोराचा विचार असतो, त्यानं उंचीकडं बघितलेलं असतं.

आणि आपल्या कोल्हापुरातच लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं ते मुलांनी बघून, करून, प्रश्न विचारून शिकावं म्हणूनच. तेव्हा हे काही बाहेरचं खूळ आहे असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

गंगावेशची_आई
सगळ्यांचे खूप आभार. काल "तुला काय वाटतंय" विचारून थांबले, ती आधी चिडली, तूच सांग म्हणाली, मग बऱ्याच वेळानं बोलली. शनिवारी बाईंना भेटणार आहे, काय बोलू? आणि ती मनानं लिहिते तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका खूप असतात, त्या लगेच दुरुस्त करायच्या का?

झेडपी_गुरुजी
चिडणारच, आत्तापर्यंत उत्तर आयतं मिळत होतं. आठ-पंधरा दिवस धीर धरा. बाईंकडं तक्रार घेऊन जाऊ नका, फळ्यावरच्या ओळी ती उतरवेल, त्याखाली दोन ओळी मनाच्या लिहिल्या तर चालतील का एवढंच विचारा, त्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. शुद्धलेखनाचं म्हणाल तर आधी तिनं काय लिहिलंय त्यावर बोला, नीट वाचून, एखादा प्रश्न विचारून. लाल पेन तर नकोच. मग दुसऱ्या दिवशी त्यातले दोनच शब्द घ्या, जे ती सारखे चुकते ते, आणि तेवढेच लिहून घ्या. बाकीचे राहू देत, वाचन वाढलं की बरेच आपोआप सुधारतात.