मदत हवी आहे: शिकाऊ उमेदवार नाहीत म्हणून बिल अडलंय

वाळूघाट
शाळेच्या इमारतीचं सरकारी काम घेतलंय. तिसरं रनिंग बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्यानं मिळणारं) महिनाभर टेबलावर पडून आहे. आता म्हणतात, अटीप्रमाणे शिकाऊ उमेदवार घेतल्याचा पुरावा लावा. पहिल्या दोन बिलांना कुणी विचारलं नव्हतं. किती पोरं घ्यायची, कुठून आणायची, कागद कोणता लागतो? शनिवारी पगारवाटप आहे, लवकर सांगा.

ओळंबा
राज्याचं काम की केंद्राचं? माणसं किती? अटीतलं वाक्य जसंच्या तसं टाका.

शिवारकर
मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत नाव नोंदवा. काही महिने पोरं मिळतात, बारावीवाल्याला ६,००० रुपये सरकारच देतं. भावाच्या दुकानात दोघं आहेत.

ओळंबा
ती योजना वेगळी, शिवारकर. हे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचं दिसतंय. तो पुरावा इथं चालणार नाही, त्यांना भलतीकडे पाठवू नका.

वाळूघाट
राज्याचं काम. माणसं १२.

बारबेंडर_७२
१२ मध्ये शाळेची इमारत? मुकादमाची माणसं धरली का?

वाळूघाट
ती माझी कशी? मी मुकादमाला काम उक्तं देतो. एरवी २५-२६ असतात, स्लॅबला जास्त.

ओळंबा
इथंच तर घोळ आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ठेकेदारामार्फत आलेला माणूसही 'कामगार' धरला जातो. तुमचे ३७-३८ झाले. ३० किंवा जास्त असतील तर उमेदवार घेणं सक्तीचं, एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के. म्हणजे तुम्हाला किमान एक लागतो.

वाळूघाट
एका पोरासाठी महिना गेला? मग आधी का नाही सांगितलं?

प्रमाणपत्र_हवंच
त्यापेक्षा आहेत त्याच गवंड्यांचं आरपीएल, म्हणजे येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन मिळणारं प्रमाणपत्र, करून घ्या. केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या करारांत २० टक्के कुशल कारागीर प्रमाणपत्रधारक हवेत असं कलम असायचं, कमी पडले तर माणशी रोज १०० रुपये कापायचे. खरा उपाय हाच.

बारबेंडर_७२
अहो, त्यांचं काम राज्याचं आहे आणि अट शिकाऊची आहे! आणि कागदानं भिंत ओळंब्यात येत नाही. मी १९९४ साली बिगारी म्हणून लागलो, दोन वर्षं मिस्त्रीच्या हाताखाली नुसती सळई वाकवली. तसं शिकवणारा मिस्त्री साइटवर असेल तरच शिकाऊ ठेवा. नाहीतर पोराकडून घमेली उचलून घेतील आणि कागदावर प्रशिक्षण दाखवतील. हे मला सहन होत नाही.

प्रमाणपत्र_हवंच
तुमच्या त्या दोन वर्षांचा कागद असता तर आज सुपरवायझरचा पगार मिळाला असता. कागद कामगारासाठीच आहे.

कोपरगावची_सून
विषय वेगळा आहे, पण विचारते. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी माझ्या नवऱ्याला ९० दिवस काम केल्याचा दाखला ठेकेदार देत नाही. काय करावं?

ओळंबा
ताई, ग्रामसेवक किंवा नगरपालिकेकडूनही तो दाखला मिळतो. वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर लिहितो.

वाळूघाट, अट टाकली नाहीत अजून.

वाळूघाट
"ठेकेदाराने शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ व त्याखालील नियमांचे पालन करावे. कसूर केल्यास करारभंग समजण्यात येईल." एवढंच आहे.

ओळंबा
कायद्यात दंड आहे तो कमी पडलेल्या दर उमेदवारामागे महिन्याला ५०० रुपये, तीन महिन्यांनंतर १,०००. या वाक्यात बिल रोखण्याचा उल्लेख नाही, पण करारभंग म्हणून ते बोट दाखवणारच. भांडत बसाल तर शनिवार जाईल. अप्रेंटिसशिप पोर्टलवर आस्थापना नोंदवा. जवळच्या आयटीआयतल्या बीटीआरआय केंद्रात (शिकाऊ उमेदवारांच्या मूलभूत प्रशिक्षणाचं केंद्र) जा, करार तिथं समजावून देतील. नोंदणीची प्रत जोडून कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्या, आवक क्रमांक घ्या. विद्यावेतनातला २५ टक्के वाटा, १,५०० पर्यंत, सरकार देतं.

वाळूघाट
नोंदणी झाली. गवंडी ट्रेडला अर्जच नाहीत. मुकादमाचा भाचा दहावी पास आहे, काम शिकायचंय म्हणतो. चालेल?

बारबेंडर_७२
वय?

वाळूघाट
सतरा.

बारबेंडर_७२
मग साइटवर नको. अठरा कधी होतात?

वाळूघाट
पुढच्या महिन्यात, १२ तारखेला. तोवर बिलाचं काय?

ओळंबा
पत्र उद्याच द्या.