‘बिगरशेती रोजगार’ : शब्द आणि मोजदाद

प्रश्न : शेतीबाहेरच्या कामधंद्यांत गेल्या शतकभरात कसा फरक पडत गेला, यावर लेख लिहीत आहे. ‘बिगरशेती’, ‘अकृषिक’, ‘कृषीतर’ आणि ‘शेतीबाह्य’ असे चार शब्द वाचनात आले. यांत अर्थाचा काही फरक आहे का? आणि पुढे ‘रोजगार’ लावावे की ‘व्यवसाय’?

उत्तर : ‘अकृषिक’ हा शब्द महसूल खात्याने जमिनीसाठी राखून ठेवल्यासारखा आहे, ‘अकृषिक परवाना’ म्हटले की डोळ्यांपुढे प्लॉट येतो, माणूस येत नाही. ‘कृषीतर’ हा संधीच्या दृष्टीने निर्दोष आहे, पण वाचताना ‘कृषी तर’ असा तुटतो. ‘शेतीबाह्य’ चालेल; मात्र तो पुस्तकातच राहिला आहे. ‘बिगरशेती’ गावात रुळलेला आहे. तालुक्याच्या बाजारपेठेत ‘ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्था’ अशी पाटी असते आणि तिचा अर्थ तिथल्या किराणा दुकानदाराला कोणी समजावून द्यावा लागत नाही. म्हणून माझे मत ‘बिगरशेती’ला.

‘रोजगार’ फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ काळ, दिवस असा होतो आणि त्यावरून चरितार्थ. ‘रोज’ या शब्दाला मराठीत दिवसाची मजुरी असाही अर्थ आला. एखादी बाई ‘मी रोजानं जाते’ असे सांगते, तेव्हा ती बहुधा दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात असते. तिचा मुलगा मात्र ‘कंपनीत कामाला’ असतो आणि त्याला रोज नव्हे, पोर्तुगीजांकडून आलेला ‘पगार’ मिळतो. ‘व्यवसाय’ म्हटले तर ही दोघेही बाहेर राहिल्यासारखी वाटतात, म्हणून ‘रोजगार’ योग्य.

खरी अडचण पुढे आहे. कुंभार, लोहार, सुतार हे बलुतेदार बिगरशेती काम करत, पण त्यांचे बलुते खळ्यावरच्या धान्यातून येई आणि सुगीत त्यांतले अनेक जण रानातही राबत. अशा माणसाला एकाच रकान्यात बसवणे मुळातच कृत्रिम आहे. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक डॅनियल थॉर्नर यांनी 1881 ते 1931 च्या जनगणना तपासताना हेच दाखवून दिले की नुसते ‘मजूर’ म्हणून नोंदलेल्यांना कुठे धरायचे, यावर कल बदलतो, आणि त्यांना शेतीत धरले तर त्या पन्नास वर्षांत शेती आणि बिगरशेती यांच्या प्रमाणात फारसा फरक उरत नाही. पुढेही तसेच घडले. 1961 साली हंगामाच्या बहुतेक काळात दिवसाला तासाभराहून अधिक नियमित काम करणारी व्यक्तीही कामकरी ठरे. 1971 साली ‘मुख्य काम कोणते’ असे विचारले गेले, आणि घरकाम सांभाळून शेतात जाणाऱ्या लाखो स्त्रिया गणतीतून गळाल्या. लेखात या दोन वर्षांची तुलना करणार असाल, तर व्याख्येतला हा बदल कृपया पहिल्याच परिच्छेदात सांगा. तळटीप कोणी वाचत नाही.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील कामकऱ्यांपैकी 25.4 टक्के शेतकरी आणि 27.3 टक्के शेतमजूर होते. म्हणजे बिगरशेतीचा वाटा 47.3 टक्के. देशात शेतीचा एकत्रित वाटा 2001 मध्ये 58.2 टक्के होता, तो 2011 मध्ये 54.6 वर आला.

पुरवणी, कोकणातून : ‘चाकरमानी’ या शब्दाची आठवण इथे करून द्यावीशी वाटते. 1856 साली ताडदेवला कावसजी दावर यांची कापडगिरणी सुरू झाली, त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या आणि आमच्याकडचे पुरुष मुंबईला गेले. भातशेती बायकांनी सांभाळली आणि मनिऑर्डरींवर घर चालले. 1982 चा संप फसला तेव्हा त्यांतले कित्येक जण गावी परतले. अलीकडे हा शब्द कमीपणाचा वाटतो म्हणून त्याऐवजी ‘कोकणवासी’ वापरावा, असा आग्रह धरला जातो. भावना समजते, पण ‘कोकणवासी’ केवळ राहण्याचे ठिकाण सांगतो, तर ‘चाकरमानी’ पोट एकीकडे आणि घर दुसरीकडे असल्याचे सांगतो. तो अर्थ दुसऱ्या कोणत्याही शब्दात मला सापडलेला नाही.

उत्तर : पूर्ण सहमत. याच अंगाने बीडकडचा एक शब्दप्रयोग पाहा. दिवाळीच्या सुमारास वस्तीवरच्या घराला कुलूप दिसले आणि विचारले, तर शेजारी सांगतात, ‘कारखान्याला गेलेत.’ ते जोडपे कारखान्याच्या आत पाऊलही टाकत नाही. मुकादमाकडून उचल घेऊन, नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरून, ते टनावर ऊस तोडत असते. त्यांना शेतमजूर धरावे, तर मजुरी कारखान्याकडून मुकादमामार्फत येते. बिगरशेती धरावे, तर हातात कोयता आणि पायाखाली उसाचे पाचट. आपल्या लेखात त्यांची नोंद कोणत्याही रकान्यात करा, पण ‘कारखान्याला जाणे’ हा त्यांचा शब्द तिथे जसाच्या तसा द्या.