बास वाजला की हेडलाइट मंदावतात. १ फॅरडचा कपॅसिटर लावू का?

नमस्कार मंडळी,

गाडीत सबवूफरसाठी (बासच्या स्पीकरसाठी) ५०० वॅटचा क्लास-डी अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) बसवून महिना झाला. आवाज अगदी मनासारखा आहे, पण रात्री बासचा ठोका पडला की हेडलाइट मिचमिचतात, मीटरचे दिवेसुद्धा. फिटिंगवाले म्हणतात, "१ फॅरडचा कपॅसिटर टाका, काम होईल." म्हणजे थोडी वीज साठवून गरजेला झटकन देणारा भाग.

घेण्याआधी मल्टिमीटर लावून पाहिला. इंजिन चालू, गाणी बंद: बॅटरीवर १४.२ व्होल्ट. आवाज वाढवल्यावर बॅटरीवर १३.१, पण अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर जेमतेम ११.८!

मग गणित मांडलं. १४ वरून १२ व्होल्टवर येईपर्यंत १ फॅरडमधून २६ ज्यूल मिळतात. अ‍ॅम्प पूर्ण जोरात साधारण ६५० वॅट ओढणार, म्हणजे ०.०४ सेकंदात सगळं संपलं. बासचा एक ठोकाही त्याहून लांब असतो. शिवाय रिकामा कपॅसिटर पुन्हा भरायचा तोही अल्टरनेटरनेच (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या जनरेटरनेच) ना? माझं कुठे चुकतंय का? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

उत्तर:
गणित बरोबर आहे, आणि दुखणं तुमच्याच आकड्यांत दिसतंय. बॅटरीपासून अ‍ॅम्पपर्यंत १.३ व्होल्ट वाटेतच जातायत. ५० अँपिअरला एवढी घट म्हणजे वायर बारीक आहे किंवा अर्थिंग (ग्राउंडची जोडणी) कच्चं आहे. गाणं चालू ठेवून एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरा अ‍ॅम्पच्या ग्राउंडला लावा. तिथे अर्धा व्होल्ट दिसला तरी बोल्ट उघडा. पुढेमागे कपॅसिटर लावलाच, तर रिकामा असताना थेट जोडू नका, मोठी ठिणगी उडते. पॉझिटिव्हच्या वायरीत १२ व्होल्टचा बल्ब सिरीजमध्ये घाला. बल्ब विझला की कपॅसिटर भरला.

धागाकर्ता:
मनापासून आभार! ग्राउंडला ०.९ व्होल्ट दिसले. बोल्ट उघडला तर लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) चक्क रंगावरच आवळलेला, खाली पत्रा दिसतच नव्हता. पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासून पुन्हा आवळला. आता अ‍ॅम्पवर १२.६ मिळतात आणि बास जास्त घट्ट वाटतोय. हेडलाइट मात्र गाडी आयडलला असताना अजून थोडे मंदावतात, रेस दिली की नाही. आता अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची वायर जाड करू, की आधी बेल्टचा ताण बघू?