युद्धाच्या दिवसांतली शाळा : कोकण किनाऱ्यावरच्या आठवणी लिहूया

1971 च्या डिसेंबरात मी सातवीत होतो. देवगडकडचं खाडीकाठचं गाव, तेव्हा जिल्हा रत्नागिरीच. गावात वीज यायची होती, तरी ब्लॅकआउट मात्र आला. 3 तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोट, अमृतसर, जोधपूर अशा विमानतळांवर हल्ले केले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेत गुरुजींनी सांगितलं, आजपासून कंदिलाच्या काचेला कागद गुंडाळायचा, समुद्राकडची खिडकी लावून घ्यायची आणि रात्री चूड पेटवून वाट चालायची नाही.

मग आम्हा मोठ्या मुलांना पाच-पाच घरं वाटून दिली. दिवेलागणीनंतर गडग्यावर चढून बघायचं, कुठल्या फटीतून उजेड येतो का. आला तर हाक घालायची, "काकी, उजेड भायर दिसता!" एरवी ज्यांच्यासमोर आमची मान वर होत नसे, ती मोठी माणसं बारा वर्षांच्या पोराचं ऐकून गुपचूप दार ओढून घेत. त्यातलं एक घर माझ्या आजोळचंच होतं आणि तिथे हाक मारताना माझा आवाज कापायचा. दत्तजयंती नुकतीच झालेली, त्यामुळे सुरुवातीला रात्र चढली की चांदणं लख्ख पडायचं आणि समुद्र नुसता चकाकत असायचा. पुढे चंद्र रोज उशिरा उगवू लागला. युद्ध थांबलं त्या दिवशी अवस होती.

लढाया कुठे कशा झाल्या ते पुष्कळ लिहिलं गेलंय. पाचवी ते दहावीतली पोरं तेव्हा काय करत होती, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. ज्यांना आठवतं ती माणसं आता पासष्टीच्या पुढची आहेत. आपल्या किनाऱ्यावरच्या घराघरातून मुलगे नेव्हीत गेलेले, म्हणून हे आपणच लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं. गाव, इयत्ता, साल लिहा. शाळेने काय करायला लावलं, घरात काय बदललं, भीती कशाची वाटली? युद्ध कुठलंही चालेल. घरातलं मोठं माणूस सांगत असेल तर त्यांच्या वतीने लिहा. चार ओळी आठवत असतील तर चारच लिहा.

मालवण, सहावी, 1971

माझं अक्षर वर्गात सगळ्यात चांगलं, म्हणून वाडीतली पत्रं माझ्याकडे आली. आमच्या वाडीत निम्म्याहून जास्त घरांतलं कुणी ना कुणी नेव्हीत होतं आणि घरी राहिलेल्या बायकांतल्या फार थोड्यांना लिहिता येत होतं. शाळा सुटली की दप्तर ठेवायचं आणि दौत-टाक घेऊन कुणाच्या तरी खळ्यात जाऊन बसायचं. आधी जहाजाचं नाव आणि खाली "फ्लीट मेल ऑफिस, मुंबई". जहाज नेमकं कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नसे. मला वाटायचं, सगळी माणसं त्या एका ऑफिसात राहतात. त्या नोव्हेंबरपासून बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. ते विसरलं तर पत्र अडकेल, ही माझी रोजची काळजी.

शेजारच्या घरातली काकी मजकूर सांगायची, "लिही, आमी सगळी बरी आसव. घराची काळजी करू नको." प्रत्येक पत्रात हेच. सून दाराआड उभी असायची. एकदा विहिरीवर तिने मला बाजूला घेतलं नि म्हणाली, "माझी पण दोन अक्षरां घाल गो." तिने सांगितलं तसं मी पत्र मिटायच्या पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलं. तुमचा पांढरा सदरा धुवून, घडी घालून पेटीत ठेवलाय, एवढंच. काकीला वाचून दाखवताना तेवढी पट्टी वाचली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसापासून काही लपवलं आणि ते बरोबरच केलं असं तेव्हाही वाटलं होतं.

राजापूर, आठवी, 1971

शाळेच्या आवारात खंदक खणायचा हुकूम झाला. आमची शाळा सड्यावर, खाली नुसता कातळ. टिकाव मारला की ठिणगी उडायची. दोन दिवसांत गुडघाभरसुद्धा खणून झालं नाही आणि हातांना फोड आले. शेवटी ड्रिलच्या सरांनी शाळेमागची पाणंद दाखवली. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच दरड, वरून आंब्याची सावली. "हाच आपला खंदक." रोज मधल्या सुटीआधी रुळाचा तुकडा भराभर बडवायचे, की ओळीने धावत जाऊन पाणंदीत पालथं पडायचं. कानांत बोटं, दातांत रुमाल आणि छाती जमिनीपासून उचललेली. मार्गशीर्षातलं वाळलेलं गवत, त्यामुळे पोटभर कुसळं टोचायची. संध्याकाळी आई गणवेशातली कुसळं वेचत बसे. ती वेचता वेचता एकदा रडली होती. का, ते मी विचारलं नाही.

रत्नागिरी, नववी, 1962

चीनने 20 ऑक्टोबरला हल्ला केला तेव्हा आमच्याकडे भाताची कापणी चाललेली आणि ऑक्टोबरचा उकाडा. शाळेत संरक्षण निधीची पेटी ठेवली होती. आमच्या बाईंनी हातातली एक बांगडी सगळ्यांदेखत काढून त्यात टाकली. मग मुलींना जवानांसाठी मफलर विणायला दिले. लोकर हा प्रकार आम्ही तोवर हातात धरलेला नव्हता. घामाने ती बोटांना चिकटायची आणि टाके सुईवरून सरकत नसत. एका मुलीने घरून पुरचुंडीत तांदळाचं पीठ आणलं, ते तळव्यांना चोळून आम्ही विणायचो. राखाडी मफलरवर पांढरी बोटं उमटायची. ती झटकून काढायला वेगळा तास लागे.

बर्फ म्हणजे काय, तर बाजारात मासे ठेवतात तो. तेवढीच आमची कल्पना. त्या बर्फात माणूस रात्रभर उभा राहतो, हे बाईंनी सांगितल्यावर वर्गात कितीतरी वेळ कुणी बोललं नाही. 21 नोव्हेंबरला चीनने युद्धबंदी जाहीर केली तेव्हा माझा मफलर निम्मा झाला होता. आता पुरा करायचा का, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "युद्ध थांबलं, थंडी थांबलीय का?" मी तो डिसेंबरात पुरा केला.

आरोंदा, सहावी, 1961

आमच्या खाडीपलीकडे पेडणे, म्हणजे तेव्हा पोर्तुगीजांचा मुलूख. आत्या तिकडे दिलेली. हद्द बंद झाल्यापासून तिचं येणं-जाणं तुटलेलं. इकडच्या काठावर उभं राहिलं की पलीकडचे माड दिसायचे आणि बाबा म्हणायचे, त्यांच्यामागेच तिचं घर. डिसेंबरात सावंतवाडी-बांद्याकडे लष्कराच्या गाड्यांची रीघ लागली. मोठी मुलं पाण्याच्या कळश्या घेऊन रस्त्यावर गेली, मला घरातून सोडलं नाही. त्याचं दुःख मी कितीतरी वर्षं धरून होतो. 19 तारखेला गोवा मोकळा झाला. काही दिवसांनी आत्या होडीतून उतरली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. तिचा मुलगा पुढे आमच्या वर्गात आला. पोर्तुगीज शिकलेला, पण आमच्या पुस्तकातला इतिहास त्याला संपूर्ण नवा होता. शिवाजी महाराजांचा धडा तो रात्री माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घ्यायचा.

हर्णे, आजीची आठवण, 1942

आजी सांगते, मी लिहून घेतेय. ती तेव्हा पाचवीत. जपान मुंबईवर बॉम्ब टाकणार या भीतीने मुंबईची माणसं गावाला आली. आगबोट बंदरात थांबायची आणि पडावातून बायका-पोरं उतरायची. वर्गात बसायला जागा पुरेना. आजीच्या शेजारी गिरगावातली एक मुलगी बसू लागली. तिला समुद्राची गाज रात्री झोपू देत नसे.

मार्चमध्ये रंगून पडलं आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. जेवणात नाचणी, वरी आणि कुळथाची पिठी. घासलेट मिळेना, म्हणून उंडीच्या कडू तेलाचा दिवा लावून अभ्यास. त्याच्या धुराने डोळे चुरचुरायचे आणि पुस्तकाला वास लागायचा. कागदाची टंचाई, म्हणून आधी वही पेन्सिलीने लिहायची आणि भरली की त्याच ओळींवर शाईने. ती मैत्रीण पुढे मुंबईला परतली. 14 एप्रिल 1944 ला गोदीत स्फोट झाल्याचं कळलं, तेव्हा तिचं खुशालीचं कार्ड येईपर्यंत आजी रोज पोस्टात जाऊन उभी राहायची. ते कार्ड अजून तिच्या ट्रंकेत आहे.

चिपळूण, सहावी, 1999

कारगिलच्या वेळी आमच्याकडेही अंधार असायचा, पण तो पावसातल्या लाइट जाण्याचा. शाळेतून आम्ही जवानांना राख्या पाठवल्या. माझ्या पाकिटात मी वाळवलेलं सुरंगीचं फूल घातलं होतं. वास तिथपर्यंत टिकला का, हे मला अजून जाणून घ्यायचंय.

गुहागर, नववी, 1971

वार्ताफलक माझ्याकडे होता. हेडमास्तरांच्या घरी रेडिओवर बातम्या ऐकायच्या, टिपून घ्यायच्या आणि सकाळी प्रार्थनेआधी फळ्यावर लिहायच्या. आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर मारा केल्याची बातमी मी लाल-हिरव्या खडूंनी लिहिली होती. मुलं टाळ्या वाजवत होती.

मग आपल्या नौदलाच्या 'खुकरी' या युद्धनौकेची बातमी आली. 9 डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने ती बुडवली. त्यात 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. आमच्या वर्गातल्या एकाचा थोरला भाऊ नेव्हीत होता आणि तो कुठल्या जहाजावर आहे ते घरात नक्की माहीत नव्हतं. मी लिहीत असताना तो मागे येऊन उभा राहिला. त्याने एवढंच विचारलं, "नावं सांगितली का?" मी नाही म्हटलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तो माझ्याबरोबर रेडिओला येऊन बसू लागला. भाऊ दुसऱ्या जहाजावर होता, हे कळायला कितीतरी दिवस गेले. त्यानंतर मी फलकावर एकही आकडा रंगीत खडूने लिहिला नाही.

मालवणच्या ताई, त्या सदऱ्याच्या पत्राला उत्तर आलं का? मघापासून तेच मनात घोळतंय.

मालवण, सहावी, 1971 (पुन्हा)

आलं. जानेवारी निम्मा सरला होता. पोस्टमनने पत्र काकीच्या हातात दिलं आणि मला शाळेतून बोलावून घेतलं. खळ्यात सगळी वाडी जमलेली. मी मोठ्याने वाचत गेले. तो खुशाल होता, जेवण बरं होतं, बाबांच्या दम्याची चौकशी होती. खाली एक ओळ होती, "सदऱ्याचं समजलं. आंब्याच्या दिवसांत येतो."

काकी म्हणाली, "खयचो सदरो?"

दाराआड बांगड्या वाजल्या. मी पत्र उलटं केलं आणि पुढची ओळ वाचायला घेतली.