मदत हवी आहे: मालवणी मुलांच्या आवाजावरून नैराश्याची प्राथमिक तपासणी

मालवणजवळच्या ज्युनिअर कॉलेजात समुपदेशक आहे. पीएचक्यू-९ (नैराश्यासाठी) आणि जीएडी-७ (चिंतेसाठी) या प्रश्नावल्या मराठीतून देतो, पण बरीच मुलं सरसकट 'अजिबात नाही'वर खूण करतात. आवाज मात्र पडलेला असतो. म्हणून काहींचं बोलणं रेकॉर्ड करून प्राट या आवाज-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वराची उंची, थांबे, वेग मोजला. अडचण अशी: आवाजावरून नैराश्य ओळखण्याच्या संशोधनात वापरतात तो डेक-वॉझसारखा डेटा इंग्रजी मुलाखतींचा, आणि आमची मुलं घरी मालवणीत हेल काढून बोलतात, माझ्यासमोर प्रमाण मराठीत अडखळतात. ते अडखळणं म्हणजे नैराश्य नव्हे!

पालकांची लेखी संमती आहे. निदान करायचं नाही, शंका आल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडेच पाठवतो. रेकॉर्डिंग ऑनलाइन चढवणार नाही.

प्रत्येकाची तुलना त्याच्याच आधीच्या रेकॉर्डिंगशी केली तर बोलीचा फरक बाजूला पडेल का? त्यासाठी मालवणीत मोकळं बोलू द्यावं, की सगळ्यांकडून एकच उतारा वाचून घ्यावा?